उलटवलेला कोट

दुकानात तिला सगळे ‘सवलत’ म्हणत. हे नाव ठेवणाऱ्याचा हेतू फारसा चांगला नव्हता. पण नाव चिकटले आणि वापरून वापरून त्यातली टोचणी बोथट झाली, पुष्कळदा धुतलेल्या कापडाची खळ निघून जावी तशी. कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानाच्या अगदी वरच्या मजल्यावर उतरलेल्या किमतीचा माल लावलेला असे, आणि ती तिथली विक्रेती होती. खालच्या मजल्यांवर ज्या कपड्यांना कुणी हात लावला नाही ते शेवटी तिच्याकडे येत. त्यांच्या चिठ्ठीवरच्या किमतीवर लाल रेघ मारायची आणि खाली नवी किंमत लिहायची, हे तिचे काम. ती रेघ मारताना तिला दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होई. चारचौघांत कुणाचा तरी पाणउतारा व्हावा आणि त्याने मान खाली घालून तो ऐकून घ्यावा, तसे ते कपडे तिला वाटत.

त्या मजल्याला खिडकी नव्हती. म्हणूनच की काय, तिचा सगळा जीव तळमजल्यावरच्या खिडक्यांत अडकला होता. रस्त्याकडच्या त्या खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या होत्या आणि त्यांत पुतळ्यांना कपडे घालून उभे केलेले असे. खिडक्या सजवण्याचे खाते वेगळे होते. त्याच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे ‘खिडकीबाई’ म्हणत आणि तोंडावर ‘मॅडम’. बुटक्या, पिकल्या केसांच्या, मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेल्या या बाई फार कमी बोलत. पण त्यांनी एखाद्या पुतळ्याची मान बोटभर वळवली की रस्त्याने जाणारी माणसे थबकत. यंदा त्यांना हाताखाली एक मुलगी हवी होती. ती जागा आपल्याला मिळावी असे सवलतला इतक्या मनापासून वाटत होते, की त्याविषयी बोलायचीही तिला भीती वाटे. बोलून दाखवलेली इच्छा विरून जाते, अशी तिची लहानपणापासूनची समजूत होती.

घरी मात्र काही लपवण्याची सोय नव्हती, कारण घरी आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. एका मालवाहतुकीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून तिने उभे आयुष्य काढले होते आणि आता ती निवृत्त होती. नोकरीसाठी आलेली भाची तिच्याकडेच राहत होती. दोघींमधला धागा रक्ताचा होता, त्याहून जास्त स्वस्ताईचा होता. सुटीच्या दिवशी सकाळी दोघी जुन्या कपड्यांच्या बाजारात जात आणि ढिगाच्या दोन बाजूंना उकिडव्या बसून तास न् तास उपसत राहत. आत्याचा तिथला शिरस्ता एकच होता. कपडा हातात आला की तो आधी उलटा करायचा.

“बाहेरून काय, सगळेच बरे दिसतात,” ती म्हणे. “आतली शिवण बघ. आत ज्यानं आळस केला नाही, तो बाहेर कशाला करेल?”

भाव करण्याची तिची पद्धतही वेगळी होती. विक्रेत्याने किंमत सांगितली की ती घासाघीस करत नसे. नुसती त्या कपड्याकडे करुण नजरेने बघत राही, जणू तो दुखणाईत आहे आणि त्याच्यापुढे खरे बोलणे बरे नव्हे. विक्रेता आपसूक खाली येई.

अशाच एका सकाळी ढिगाच्या तळाशी तो कोट सापडला. पुरुषी, जाड लोकरी कापडाचा. कधीकाळी निळा असावा, पण उन्हाने पार उडालेला. अस्तर फाटून लोंबत होते. सवलतने सवयीने तो उलटा केला, आणि फाटक्या अस्तराखालून कापडाची आतली बाजू दिसताच तिने तो उजेडाकडे धरला. संध्याकाळी दिवे लागण्याच्या जरा आधी आभाळाला एक निळा रंग येतो आणि बघता बघता निघून जातो. तो इथे मुक्कामाला राहिला होता. एवढी वर्षे त्याला कुणी पाहिलेच नव्हते.

“आत्या, हा उलटवता येईल.”

“सगळा उसवावा लागेल.”

“उसवू.”

“बाह्या, कॉलर, खिसे, झाडून सगळं.”

“हो गं बाई, कळतंय मला.”

आत्याने कोटाकडे आपली ती नजर वळवली, आणि विक्रेत्याने किंमत निम्मी केली.

मग कित्येक संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो कोट उघडून पडलेला असे. शिवणी उसवायच्या, प्रत्येक तुकड्याला वाफेची इस्त्री करायची, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा जोडायचा. कोट उलटला तशी त्याची डावी बाजू उजवी झाली. पुरुषांच्या कोटाची काजे डावीकडे असतात. ती उजवीकडे आली, म्हणजे बायकांच्या कोटाला असतात तशीच.

“बघ,” आत्या म्हणाली, “न सांगता बाईमाणूस झाला.”

छातीवरचा खिसा मात्र हट्टाने उजवीकडे जाऊन बसला. तो बुजवून डावीकडे नवा करावा, तर कापड पुरेना.

“राहू दे. कुणी विचारलंच तर म्हणावं, फॅशन आहे. फॅशन म्हटलं की माणसं गप्प बसतात.”

अस्तराला काय लावायचे, हा प्रश्न उरला. आत्या उठली आणि कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणातून कागदात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आली. डाळिंबी रेशमाचा एक झगा होता. तरुणपणी, कचेरीत मुख्य टायपिस्टची जागा रिकामी झाली तेव्हा, तिने तो सेलमध्ये घेतला होता. नेमणूक झाली की त्या दिवशी घालायचा म्हणून. नेमणूक दुसऱ्या कुणाची झाली. झगा कागदातच राहिला.

“कापू?” हातात कात्री धरून सवलतने विचारले.

“काप की. मुहूर्त बघतेस का?”

पण कात्री चालू झाली तशी आत्या पाणी प्यायला म्हणून आत गेली, आणि नळ बराच वेळ वाहत राहिल्याचा आवाज येत राहिला.

कोट तयार झाला. तो खिडकीबाईंच्या मुलाखतीला घालायचा, हे दोघींनी न बोलताच ठरवून टाकले.

मुलाखतीआधी एक परीक्षा होती. उमेदवारांतून शेवटी दोघी उरल्या होत्या. दुसरी तळमजल्यावरच्या सुगंधाच्या काउंटरवरची. तिला सगळे ‘अत्तर’ म्हणत. उंच, हसरी, तोंडाने फटकळ. तिचा राग करावा असे सवलतने दोन-तीनदा ठरवून पाहिले होते, पण जमले नव्हते.

“दोघींना एकेक खिडकी,” खिडकीबाईंनी सांगितले. “पुतळ्याच्या अंगावर जे घालाल ते वरच्या मजल्यावरच्या मालातलं. ज्याला लाल रेघ लागली आहे तेच. खालचा हातरुमालसुद्धा चालणार नाही. उद्या सकाळी मी रस्त्यावरून बघेन, दुपारी दोघींशी बोलेन. दुकानाचा नियम माहीत आहे ना?”

“खिडकीतलं सगळं विकाऊ,” दोघी एका सुरात म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून प्रत्येकीच्या कानीकपाळी ओरडला गेलेला तो नियम होता: काचेत जे दिसते ते मागणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही.

त्या संध्याकाळी खिडक्यांचे पडदे ओढून दोघी कामाला लागल्या. सवलतने कोट घातला होता. “नवा कपडा एकदम मुलाखतीला घालू नये,” असे आत्याचे म्हणणे; “आदल्या दिवशी अंगवळणी पाड, नाहीतर कोट तुला घालून बसेल.” तिने निवडलेला पोशाख राखाडी, लांब आणि साधा होता. हँगरवर तो इतका मरगळलेला दिसे की त्याला दोनदा लाल रेघ बसली होती. तिने त्याला पिवळा पट्टा बांधला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. आता त्यावर काहीतरी हवे होते. वरून आणलेले तपकिरी जाकीट चढवून पाहिले; ते खांद्यावर बसेना. काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. दिव्यांची धग वाढत होती. तिने स्वतःचा कोट काढला आणि पुतळ्याच्या खांद्यावर टाकला. खिडकीत खुंटी नव्हती. तिथे काम करणारी सगळीच माणसे आपले कोट असे पुतळ्यांच्या अंगावर टाकत, आणि पुतळे तक्रार करत नसत.

“ए सवलत!” भिंतीपलीकडून हाक आली. “जरा शिडी धर गं. पडले तर उद्या तुझ्यावर आळ येईल.”

सवलत पलीकडच्या खिडकीत गेली आणि दारातच थांबली. अत्तरने वरच्या मजल्यावरचे सगळे जोडी हरवलेले हातमोजे गोळा केले होते. काळे, करडे, पांढरे एकेकटे हातमोजे तिने बारीक दोऱ्यांनी छताला टांगले होते. बोटे पसरलेली, उंची कमीजास्त. खालून बघताना तो पाखरांचा थवा वाटत होता. त्याच्याखाली साध्या काळ्या पोशाखातला पुतळा मान वर करून उभा होता.

“बोल ना काहीतरी,” शिडीवरून अत्तर म्हणाली.

“हे तुला सुचलं कसं?”

“एक मोजा हरवला होता माझा. रडत होते. मग म्हटलं, उडाला असेल.”

सवलत शिडी धरून उभी राहिली, आणि वर बघताना तिला आतून अगदी स्वच्छ कळले, की हे आपल्यापेक्षा चांगले आहे. दुःख झाले, पण ते दुःख विचित्र होते, त्यात पाखरांकडे बघण्याचा आनंदही मिसळला होता. शेवटचा मोजा टांगून होईतो बंद व्हायची घंटा वाजली, पहारेकरी काकांनी खिडक्यांची आतली दारे लावून घेतली आणि दोघी हातमोज्यांबद्दल बोलत बोलतच मागच्या दाराने बाहेर पडल्या. बाहेरची हवा उबदार होती.

“कोट कुठाय?” घराचे दार उघडताच आत्याने विचारले.

सवलतने आपल्या खांद्यांकडे पाहिले. मग ती मटकन खुर्चीत बसली.

“पुतळ्यानं घातलाय.”

आत्याने सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. “अगं, आपण मुलाखतीला तुला पाठवतोय की पुतळ्याला? सकाळी लवकर जा आणि काढून घे त्याच्याकडून.”

ती लवकर गेली, पण उपयोग नव्हता. खिडकीच्या दारांची किल्ली खिडकीबाईंकडे असे आणि त्या दुकान उघडायच्या वेळी येत. पडदे मात्र पहारेकरी काका बाहेरच्या दोरीने, फरशी पुसण्याआधीच वर करून ठेवत. सवलत रस्त्यावर पोहोचली तेव्हा सकाळचे कोवळे ऊन तिरपे होऊन काचेत शिरले होते आणि तिचा कोट सगळ्या जगासमोर उभा होता.

ती तिथेच खिळली. या कोटाचा टाका न् टाका तिला ठाऊक होता. तिने तो मांडीवर घेतला होता, अंगात घातला होता, पण असा समोरून, लांबून, दुसऱ्याचा असल्यासारखा कधी पाहिला नव्हता. घाईत टाकलेला म्हणून तो एका खांद्यावरून जरासा घसरला होता. उघड्या पुढ्यातून डाळिंबी अस्तराची एक पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीने खालच्या राखाडी पोशाखाला जाग आणली होती. आपण हाताने मांडले असते तर हे असे जमलेच नसते, असे तिला वाटले. आपल्या आयुष्यातल्या बऱ्या गोष्टी आपण बघत नसताना होतात की काय, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

“ओ ताई, हे दुकान कधी उघडतं?”

शेजारी एक तरुण बाई उभी होती. अंगात जाड कामाचा पोशाख, डोक्याला रुमाल, डोळ्यांत रात्रपाळीचे जागरण. हात तिने कपड्यांपासून जरा दूर धरले होते, कारण त्यांना वंगण लागलेले होते.

“आता उघडेल. काही हवं होतं का?”

“तो कोट.” तिने हनुवटीने काचेकडे दाखवले. “सारखे वळून वळून बघतेय. दोनदा पुढं गेले, दोनदा मागं आले.”

“कशासाठी हवाय?” सवलतने कसेबसे विचारले.

बाई हसली. “मी बंदरावर क्रेन चालवते. इतकी वर्षं वर केबिनमध्ये बसले, खालून कुणाला माझं तोंडसुद्धा दिसायचं नाही. आता मला धक्क्याची प्रमुख केलंय. आजपासून खाली उभं राहून माणसांना कामं सांगायची.” तिने स्वतःच्या पोशाखाकडे पाहिले. “क्रेन ऐकते हो माझं. माणसं ऐकतील का, ते माहीत नाही. या कोटाकडे बघून वाटलं, याचं ऐकतील.”

तेवढ्यात दुकानाचे दार उघडले आणि बाई आत गेली. सवलत तिच्या मागोमाग धावली, पण तोवर खिडकीबाई समोरून येत होत्या. त्या रस्त्यावरून खिडक्या पाहून मागच्या दाराने आत आल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

“सवलत,” त्या म्हणाल्या. त्यांनी आपल्याला या नावाने हाक मारावी आणि ते नाव एवढे आदराने उच्चारले जावे, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होते. “वरच्या मालात असला कोट होता? आणि माझ्या नजरेतून सुटला?”

नुसती मान हलवली असती तरी पुरले असते. खिडकीबाईंच्या डोळ्यांत कौतुक होते, ती जागा हाताच्या अंतरावर होती, आणि पलीकडच्या हातमोज्यांच्या थव्यापुढे उभे राहू शकेल असे आपल्याकडे हे एकच आहे, हे सवलतला पक्के माहीत होते. तिने तोंड उघडले आणि तिला वरच्या मजल्यावरचे सगळे कपडे आठवले, जे खरोखरच रांगेत उभे होते, आणि ज्यांच्यातून तिला निवड करायला सांगितले होते.

“नाही, मॅडम. तो माझा आहे. काल चुकून राहिला. पुतळ्यावर टाकला होता.”

“मग तुझी खिडकी बाद,” खिडकीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शिवणीत वाकडा टाका दाखवावा तसा तो आवाज होता.

“हो, मॅडम.”

“म्हणजे तो विकायचा नाही?” क्रेनवाल्या बाईने विचारले. ती काउंटरपाशी उभी राहून सगळे ऐकत होती.

“दुकानाचा असता तर नियमच आहे,” खिडकीबाई म्हणाल्या. “हिचा आहे. ही ठरवेल.” त्यांनी किल्ली काढली, दार उघडले, पुतळ्याच्या अंगावरून कोट उतरवला आणि सवलतच्या हातात दिला.

खिडकी तर गेलीच होती. आता निदान कोट अंगावर चढवून घरी जाता आले असते. सवलतने तो छातीशी धरला. इस्त्रीचा आणि आत्याच्या कपाटाचा वास त्याला अजून येत होता. क्रेनवाली बाई दोन्ही हात मागे बांधून उभी होती. मागत नव्हती, हटतही नव्हती.

“घालून तरी बघा,” सवलत म्हणाली.

“हात खराब आहेत माझे.”

“मी घालते.”

तिने मागून कोट धरला आणि बाईने बाह्यांत हात घातले. खांदे बसले. ती आरशाकडे वळली आणि एकदम ताठ झाली. कुणी सांगितल्यामुळे नव्हे, कोटानेच तिला तसे उभे केले. मग तिची नजर छातीकडे गेली.

“खिसा उजवीकडे का हो?”

फॅशन आहे, हे उत्तर सवलतच्या ओठांवर आले होते. “उलटवलेला कोट आहे,” ती म्हणाली. “डावीकडचं उजवीकडे गेलं. तेवढं मात्र दुरुस्त नाही झालं.”

बाईने आपला डावा हात उचलला आणि खिशाच्या तोंडाशी नेला. बोटे न शोधता तिथे जाऊन थांबली. “मी डावखुरी आहे,” ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. “आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खिसा माझ्या बाजूला केलाय.”

त्यानंतर ठरवण्यासारखे काही उरलेच नाही. सवलतने बाहीवरचा एक सुटा धागा दातांनी तोडला आणि कोट तिचा झाला.

दुपारी अत्तर धापा टाकत वरच्या मजल्यावर आली. जागा तिला मिळाली होती. आनंद लपवावा की दाखवावा हे न कळल्यामुळे तिचा चेहरा अर्धवट इस्त्री केलेल्या कपड्यासारखा दिसत होता.

“तू शिडी धरली नसतीस तर—”

“तर पडली असतीस,” सवलत म्हणाली. “जा, नाच कुठंतरी जाऊन. इथं मान खाली घालून उभी राहू नकोस, इथं आधीच पुष्कळजण तसे उभे आहेत.”

अत्तरने तिला करकचून मिठी मारली आणि ती गेली. तिच्यामागे मजल्यावर मोगऱ्यासारखा काहीतरी महाग वास रेंगाळत राहिला. सवलतने लाल पेन उचलले, पुन्हा खाली ठेवले. रडावेसे वाटत होते, पण रडण्याइतके रिकामे वाटत नव्हते. सकाळपासून कुणीतरी बंदरावर तिचा निळा रंग घालून उभे होते, ही जाणीव मनाच्या एका कोपऱ्यात दिव्यासारखी लागून राहिली होती.

लिफ्ट पुन्हा उघडली. आतून खिडकीबाई बाहेर आल्या. सवलत गडबडून उठली.

“मॅडम, तुम्ही वर?”

“लिफ्ट इथपर्यंत येते, हे मला आज कळलं.” त्यांनी चौफेर पाहिले. “खिडकी तुला मिळाली नाही, त्याला कारण तुझा कोट नाही.”

“माहीत आहे. हातमोजे.”

“कधी कळलं?”

“शिडी धरली तेव्हाच.”

खिडकीबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिले. “यातला असा एक कोट दाखव, जो कुणी मेलं तरी घेणार नाही.”

सवलतने विचार न करता रांगेच्या टोकाचा एक मळकट हिरवा कोट काढला. दुकानाच्या दिव्यांनीच त्याचे खांदे उडाले होते. ती तो समोरून दाखवणार, तोच तिच्या हातांनी सवयीने तो उलटा केला. खिडकीबाई वाकल्या. अस्तराची कड टाचणीने उचलून दोघींनी आत पाहिले. आत दाट पानांखालची हिरवाई होती.

“हे तुला शिकवलं कुणी?”

“आत्यानं.”

“शिवणकाम करतात?”

“नाही. टायपिस्ट होती.”

“हं,” खिडकीबाई म्हणाल्या, आणि बराच वेळ त्या कोटाच्या आत बघत राहिल्या. “मागच्या गल्लीत दुकानाची एक खिडकी आहे. समोर बस थांबते. सध्या तिथं बादल्या आणि फरशी पुसायची फडकी ठेवतात.”

“बघितली आहे.”

“बादल्या मी हलवते. आत काय लावायचं ते तू ठरव. पण जे लावशील ते तुझ्या हातचं हवं, आणि इथल्याच मालातून केलेलं. जमेल?”

“आणि हा मजला?”

“सोडायचा नाही. माल कुठून आणणार मग?”

त्या निघून गेल्यावर सवलत मागच्या जिन्याने गल्लीत उतरली. खिडकी लहान होती, काचेवर धूळ होती, आणि समोर बसची वाट बघणारी माणसे कंटाळून काहीही बघायला तयार होती. तिला हवी होती ती खिडकी ही नव्हे. स्वप्न पहिल्याच धुण्यात आटले होते. पण आटून ते तिच्या मापाचे झाले होते, आणि अंगात घालून बघायला आता तिला भीती वाटत नव्हती. तिने बोटाने धुळीवर एक पुतळा काढला आणि त्याच्या छातीवर उजवीकडे एक खिसा.

संध्याकाळी आत्या दारातच उभी होती. तिने आधी भाचीचे खांदे पाहिले.

“कोट?”

“विकला.”

“आणि खिडकी?”

“मिळाली. पुढची नाही, मागची.” सवलतने चपला काढता काढता सगळे सांगितले: पाखरे, क्रेन, बादल्या, हिरवा कोट. आत्या मधे एकदाही बोलली नाही, ही गोष्ट घरात सहसा घडत नसे.

“भाव केला का तिनं?” सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले.

“नाही. सांगितला तेवढा दिला.”

“मग तू कमी सांगितलास,” आत्या म्हणाली. “माझं नाक कापलंस बाजारात.”

ती जेवणाचे टेबल आवरू लागली. टेबल आवरलेलेच होते, तरी ती त्यावरून फडके फिरवत राहिली. उद्यापासून तिथे हिरवा कोट उघडून पडणार होता, आणि त्याला अस्तर कशाचे लावायचे याचा विचार तिने मनात सुरूही केला असावा. मग पाठमोरीच उभी राहून तिने हळूच विचारले, “अस्तर बघितलं का गं तिनं?”

“बघितलं.”

“काय म्हणाली?”

सवलतने आठवून पाहिले. जे घडले त्यात एका शब्दाचीही भर घालायची नाही, असे तिने ठरवले.

“काही नाही म्हणाली. बोटानं जरासं चाचपलं. मग हात मागं घेतला, रुमालानं नीट पुसला, एकेक बोट पुसलं, आणि पुन्हा हात फिरवला.”

आत्याने मान हलवली. फडके टेबलाच्या कडेला घडी करून ठेवले, आणि पाणी प्यायला आत न जाता ती तिथेच, भाचीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.